ग्रंथपाल मॅडम, तुमच्या सात रकान्यांच्या तक्त्याबद्दल

प्रति,
ग्रंथपाल मॅडम,
वाशी, नवी मुंबई

सप्रेम नमस्कार.

प्रबंधाच्या ऋणनिर्देशात तुमच्या वाट्याला एकच ठरलेली ओळ येते: ‘ग्रंथालयातील कर्मचाऱ्यांनी वेळोवेळी सहकार्य केले.’ मार्गदर्शकांना अर्धं पान, आई-वडिलांना एक परिच्छेद आणि तुम्हाला ही ओळ, तीही मागच्या वर्षीच्या प्रबंधातून उतरवलेली. म्हणून ठाणे आणि नवी मुंबईतले आम्ही काही मार्गदर्शक हे पत्र सगळ्यांना वाचता येईल असं लिहीत आहोत. नुसतं ‘धन्यवाद’ लिहून थांबणार नाही. तुम्ही प्रबंधात नेमकं काय बघता ते लिहिलं, तर पुढच्या बॅचच्या मुलांनाही त्याचा उपयोग होईल.

ग्रंथालयात प्रबंध जातो तो फक्त साम्य (इतरांच्या लेखनाशी मजकूर किती जुळतो ते) तपासायला, असा सगळ्यांचा समज. तुम्ही मात्र प्रबंध मागून पुढे वाचता. आधी पाचव्या प्रकरणातला निष्कर्ष, मग तो ज्या सारणीतून आला ती सारणी, मग चाचणी, परिकल्पना (तपासून बघायचा अंदाज) आणि सगळ्यात शेवटी पहिल्या प्रकरणातलं उद्दिष्ट. या उलट्या वाचनासाठी तुम्ही केलेला एकपानी तक्ता आता कितीतरी महाविद्यालयांत फिरतो आहे. त्यात सात रकाने आहेत: उद्दिष्ट, परिकल्पना, चल (मोजायची बदलती गोष्ट), प्रश्नावलीतले प्रश्न क्रमांक, सांख्यिकी चाचणी, सारणी क्रमांक, निष्कर्ष. प्रत्येक उद्दिष्टाची एक आडवी ओळ. ओळीत एखादा रकाना रिकामा राहिला की तिथे प्रबंध तुटला.

हा तक्ता भरायला बसलं की गमती बाहेर येतात. उद्दिष्टं पाच, परिकल्पना चार, निष्कर्ष सात. प्रश्नावलीतले प्रश्न २१ ते २६ कोणत्याच उद्दिष्टाखाली बसत नाहीत; ते ‘असू द्यावेत’ म्हणून विचारलेले. आणि शिफारशींत ‘शासनाने शिक्षकांसाठी प्रशिक्षण आयोजित करावे’ हे हमखास, मग नमुन्यात (ज्यांच्याकडून उत्तरं घेतली त्यांच्यात) एकही शिक्षक नसला तरी चालतं! शिफारस ज्या निष्कर्षावरून आली त्याचा क्रमांक तिच्यापुढे कंसात लिहायचा, हा तुमचा नियम त्यावर फार गुणकारी आहे. क्रमांक सापडला नाही तर शिफारस काढायची.

शीर्षकाबद्दल तुम्ही जो आग्रह धरता त्याची किंमत आपल्या भागात जास्त कळते. ‘ठाण्यातील विद्यार्थी’ म्हणजे कुठले? ठाणे महापालिका, ठाणे तालुका की ठाणे जिल्हा? तालुका म्हटलं की त्यात नवी मुंबई आणि मीरा-भाईंदरही आलं. जिल्हा म्हटलं तर आणखी एक खड्डा आहे. २०११च्या जनगणनेत ठाणे जिल्ह्याची लोकसंख्या १ कोटी १० लाखांच्या वर दिसते, पण तो आकडा पालघर वेगळा होण्याआधीचा. पालघर जिल्हा १ ऑगस्ट २०१४ रोजी झाला. जुना आकडा आजच्या जिल्ह्याच्या नावाखाली सरळ छापलेले प्रबंध कमी नाहीत. नवी मुंबईचंही तसंच. महापालिकेची हद्द दिघ्यापासून बेलापूरपर्यंत. खारघर आणि कामोठे पनवेल महापालिकेत, म्हणजे रायगड जिल्ह्यात. सिडकोची (शहर वसवणाऱ्या सरकारी महामंडळाची) नवी मुंबई मात्र याहून मोठी. शीर्षकात ‘नवी मुंबई’ आणि नमुन्यात खारघरची दोन महाविद्यालयं असली, तर पहिल्या प्रकरणातल्या कार्यात्मक व्याख्येत ‘नवी मुंबई म्हणजे सिडकोने विकसित केलेले क्षेत्र’ असं लिहावंच लागतं. व्याख्येचं एक वाक्य नसलं की परीक्षक पहिला प्रश्न तिथेच विचारतात.

जनसंख्येची, म्हणजे अभ्यासायच्या पूर्ण गटाची, हद्द ठरली की नमुन्याचा आकार. समजा एकूण विद्यार्थी १,२०० आहेत. विश्वास पातळी ९५ टक्के, चूक ५ टक्के, प्रमाण ०.५ धरून कॉक्रनच्या सूत्राने आधी ३८४.१६ येतात; मर्यादित जनसंख्येची दुरुस्ती लावली की २९१.१९, म्हणजे वरचा पूर्णांक घेऊन २९२. क्रेज्सी आणि मॉर्गन यांच्या १९७०च्या तक्त्यात १,२०० समोर २९१ आहेत. यामाने यांचं सोपं सूत्र ३०० देतं. तिन्ही उत्तरं आपापल्या जागी ठीक आहेत. घोटाळा होतो तो सूत्र एकाचं, आकडा दुसऱ्याचा आणि संदर्भसूचीत तिसऱ्याचं नाव असं झाल्यावर. एकच पद्धत निवडा, तिची आकडेमोड तिसऱ्या प्रकरणात पूर्ण दाखवा, हे तुमचं सांगणं आम्ही आता पहिल्याच बैठकीत सांगतो. त्याला आमची एक जोड: हे सगळे आकडे यादृच्छिक (चिठ्ठ्या टाकून निवडल्यासारख्या) नमुन्यासाठी आहेत. ओळखीच्या वर्गांत फॉर्मची लिंक पाठवून मिळालेल्या २९२ उत्तरांना त्यांचा आधार मिळत नाही. तिथे ‘सोयीस्कर नमुना’ असं स्वच्छ लिहावं आणि मर्यादांमध्ये तसं नमूद करावं.

चौथ्या प्रकरणात तर तुम्ही परीक्षकांच्याही आधी पोचता. दोन गटांच्या मध्यमानांची तुलना आहे, मुली १५०, मुलगे १४२; टी चाचणीच्या सारणीत स्वाधीनता मात्रा (डिग्रीज ऑफ फ्रीडम; इथे दोन्ही गटांची बेरीज वजा दोन) २९० हवी. तिथे २७१ छापलं असेल तर त्याचा अर्थ १९ जणांची उत्तरं विश्लेषणातून गळली आणि त्याबद्दल कुठेच एक शब्द नाही. बेरीज-वजाबाकीचं काम आहे, पण करतं कोण? कोऱ्या राहिलेल्या उत्तरांचं काय केलं, ती वगळली की त्या जागी मध्यमान भरलं, हे तिसऱ्या प्रकरणात एका वाक्यात आलं की प्रश्न मिटतो.

त्याच सारणीतली दुसरी जागा लेव्हेन चाचणीची. एसपीएसएस हे सांख्यिकीचं सॉफ्टवेअर एकाच लांबलचक आडव्या सारणीत दोन सार्थकता मूल्यं देतं. डावीकडचं लेव्हेनचं, दोन्ही गटांचं विचरण (गुणांचा पसारा) समान आहे का ते सांगणारं. उजवीकडचं प्रत्यक्ष टी चाचणीचं. मुलं घाईत डावीकडचं उचलतात आणि अख्खा निष्कर्ष उलटा होतो. लेव्हेनचं मूल्य .०५ पेक्षा कमी असेल तर खालची ओळ वाचायची, आणि त्या ओळीतली स्वाधीनता मात्रा दशांशात येते, ती तशीच लिहायची. पूर्णांक करून ‘नीट’ करायची नाही.

मग पी-मूल्य, म्हणजे वरचं सार्थकता मूल्यच: मुळात फरक नसताना एवढा किंवा याहून मोठा फरक निव्वळ योगायोगाने दिसण्याची शक्यता. पडद्यावर .००० दिसतं म्हणून ‘पी = .०००’ लिहिलेलं तुम्ही लाल पेनाने गोल करता, ते योग्यच. ते शून्य नसतं, तीन दशांशांपुढे गेलेलं असतं. लिहायचं पी <.००१. एपीए (अमेरिकन सायकॉलॉजिकल असोसिएशन) शैलीच्या सातव्या आवृत्तीप्रमाणे जे मूल्य एकाच्या पुढे जाऊच शकत नाही त्याच्या आधी शून्य देत नाहीत. म्हणून सहसंबंध आर = .४२ आणि पी = .०२२, पण कोहेनचं डी (फरक किती मोठा ते सांगणारं) एकापेक्षा मोठं होऊ शकतं म्हणून ०.२७. एक पूर्ण वाक्य असं होतं: टी (२९०) = २.३१, पी = .०२२, डी = ०.२७. म्हणजे फरक सार्थक आहे, पण लहान आहे. डी लिहिलंच नाही तर पाचव्या प्रकरणात ‘लक्षणीय तफावत’, ‘मोठी दरी’ असे शब्द बिनदिक्कत येतात. आणि पी .०५ पेक्षा जास्त आलं तर ‘शून्य परिकल्पना स्वीकारली’ (म्हणजे फरक नाही हे मान्य केलं) असं लिहू नये. ‘शून्य परिकल्पनेचा त्याग करता आला नाही’ असं लिहावं. पुरावा मिळाला नाही म्हणजे फरकच नाही, असं ठरत नाही.

प्रश्नावलीच्या विश्वसनीयतेबद्दल तुम्ही एकदा लिहून दिलेली टीप आमच्यापैकी बहुतेकांनी जपून ठेवली आहे. क्रॉनबॅक अल्फा (प्रश्न एकमेकांशी किती सुसंगत आहेत ते सांगणारा आकडा) .७०च्या खाली आला की मुलं घाबरून प्रश्न वगळत सुटतात. आधी नकारार्थी विधानं तपासा, ही ती टीप. ‘मला अभ्यासाचा कंटाळा येतो’ या विधानाला पाच गुण देणारा आणि ‘मी रोज ठरलेल्या वेळी अभ्यास करतो’ याला पाच देणारा, हे दोघे एका बाजूचे नाहीत. पाच बिंदूंच्या श्रेणीत सहामधून दिलेला गुण वजा केला की विधान सुलटं होतं. अशी चार-पाच विधानं उलटवायची राहिली तर अल्फा पार कोसळतो, कधी ऋणही येतो. आणि अल्फा काढायचा तो प्रत्येक उपश्रेणीचा (एका पैलूवरच्या प्रश्नांच्या गटाचा) वेगळा. सगळ्या प्रश्नांचा मिळून काढला तर प्रश्नांची संख्या मोठी असल्यामुळेच तो फुगतो आणि दिसायला छान दिसतो.

मांडणीचं तसं थोडक्यात सांगता येईल, कारण विभागाची नियमावली असते आणि ती आमच्या-तुमच्या मतापेक्षा वरचढ. तिच्यात काही नसेल तर ए-फोर कागद, डावीकडे दीड इंच समास, बाकी तीन बाजूंना एक इंच. तो अर्धा इंच बाइंडिंगमध्ये जातो. पाठपोट छपाई असेल तर समास आरसा पद्धतीचा ठेवायचा, नाहीतर डाव्या पानावर शिलाईत अक्षरं जातात. ओळींमधलं अंतर दीड. प्रमाणपत्र, प्रतिज्ञापत्र, ऋणनिर्देश, अनुक्रमणिका, सारणी सूची, आलेख सूची यांना रोमन अंक. पहिल्या प्रकरणापासून पुन्हा १. हे न जमण्याचं कारण एकच असतं: वर्डमध्ये पेज ब्रेक दिलेला असतो, सेक्शन ब्रेक नाही. सेक्शन ब्रेक देऊन फूटरचा (पानाच्या तळाच्या पट्टीचा) आधीच्या विभागाशी असलेला दुवा बंद केला की दोन मिनिटांत काम होतं. शीर्षकांना हेडिंग स्टाइल दिली असेल तर अनुक्रमणिका आपोआप तयार होते. हाताने टिंबं मारून केलेली अनुक्रमणिका शेवटच्या दुरुस्तीनंतर पान चुकतेच.

मराठी प्रबंधांसाठी तुम्ही युनिकोडचा जो हट्ट धरता त्यावर आधी कुरकुर झाली होती, आमच्याकडूनही. पण जुन्या फॉन्टमधली फाइल दुसऱ्या संगणकावर उघडली की कागदभर इंग्रजी चिन्हं दिसतात, आणि तिच्यात शोध घेता येत नाही, साम्यही तपासता येत नाही. फॉन्टचा आकार मात्र डोळ्यांनी ठरवावा. कोकिळा बारा पॉइंटला फारच बारीक दिसतो, सोळापर्यंत न्यावा लागतो. मंगल बारालाही भरदार वाटतो.

सारणी चित्र म्हणून चिकटवायची नाही. एसपीएसएसच्या पडद्याचा फोटो छापला की अक्षरं धूसर होतात, आणि नको ते सहा रकानेही सोबत येतात. सारणी नव्याने टाइप करा, क्रमांक आणि शीर्षक वर, टीप खाली, उभ्या रेषा नकोत, दुसऱ्या पानावर गेली तर शीर्षओळ पुन्हा. टक्क्यांची बेरीज ९९.९ आली तर शेवटचा आकडा ओढूनताणून वाढवायचा नाही, ‘पूर्णांकनामुळे बेरीज १०० होत नाही’ अशी टीप द्यायची. आणि सारणीखालच्या परिच्छेदात सारणीतले सगळे आकडे पुन्हा वाचून दाखवू नयेत. काय दिसतं ते सांगा, वाचकाला आकडे वाचता येतात.

तिसऱ्या प्रकरणातला भविष्यकाळ हा तुमचा आवडता शिकार. आराखड्यातून उचलून आणलेलं ‘संशोधक प्रश्नावली भरून घेईल’ हे वाक्य संशोधन संपल्यावरही तसंच बसलेलं असतं. ‘घेईल’, ‘करण्यात येईल’ असे शब्द शोधून बदलायला दहा मिनिटं लागतात.

साम्याबद्दल तुमच्याइतकं स्वच्छ कुणी सांगत नाही. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८च्या नियमांत १० टक्क्यांपर्यंतच्या साम्याला दंड नाही. १० ते ४० टक्क्यांत सहा महिन्यांच्या आत सुधारित प्रत द्यावी लागते, ४० ते ६० मध्ये वर्षभर सुधारित प्रत देता येत नाही आणि ६० च्या वर नोंदणीच रद्द. मुलं यातला ‘१०’ तेवढा लक्षात ठेवतात, जणू तेवढी उचलेगिरी मंजूर आहे. त्याच नियमांत सारांश, परिकल्पना, निरीक्षणं, निष्कर्ष आणि शिफारशी यांत साम्य असूच नये असं म्हटलं आहे, हे तुम्ही दरवेळी अहवालावर खूण करून दाखवता. संदर्भसूची, अनुक्रमणिका, ऋणनिर्देश, अवतरणचिन्हांत स्रोतासह दिलेला मजकूर आणि प्रमाणित सूत्रं मोजणीतून वगळली जातात. ती वगळायची खूण न करता आलेला २६ टक्क्यांचा अहवाल बघून रडवेल्या झालेल्या मुलांना तुम्ही आधी खुर्ची देता, मग सेटिंग दाखवता. त्या खुर्चीबद्दल वेगळे आभार.

परिशिष्टांतही तुमची नजर जाते. प्रमाणित श्रेणी वापरली असेल तर ती वापरण्याची परवानगी, शाळेचं किंवा संस्थेचं परवानगीपत्र, कोरं संमतीपत्र, अंतिम प्रश्नावली, एवढं हवं. भरलेल्या प्रश्नावल्यांची छायाचित्रं, त्यांवर विद्यार्थ्यांची नावं आणि मोबाइल क्रमांक, हे नको. पुरावा म्हणून अशी पानं जोडणारे अजूनही भेटतात आणि मार्गदर्शकही त्यावर सही करून मोकळे होतात.

मॅडम, एक विनंती आहे. तुमच्या तक्त्यात आठवा रकाना घालावा असं आम्हाला वाटतं: ‘विश्लेषणातील प्रत्यक्ष संख्या’. प्रत्येक चाचणीत खरोखर किती उत्तरं धरली गेली ते तिथे लिहिलं, तर २९० च्या जागी २७१ का, हा प्रश्न मौखिकीपर्यंत जाणार नाही. येत्या सत्रापासून हा सुधारित तक्ता आराखड्यासोबतच भरून घ्यायचा आमचा विचार आहे. त्यावर तुमचं नाव छापायला परवानगी द्याल का, आणि रकाना सारणी क्रमांकाच्या आधी घ्यावा की नंतर, तेवढं कळवा.

आपले नम्र,
संख्यात्मक संशोधनाचे काही मार्गदर्शक
ठाणे आणि नवी मुंबई