केंद्रप्रमुखांना आधी शाळेत जाऊ द्या

महोदय,

जिल्हा परिषदेच्या शाळांवर लिहिले जाते तेव्हा पटसंख्या, पडक्या खोल्या आणि शिक्षकांच्या बदल्या यांची चर्चा होते. शाळा आणि पंचायत समिती यांच्या मधल्या ‘केंद्रा’बद्दल फारसे कोणी बोलत नाही. खरे तर शाळेला मदत मिळण्याची सर्वांत जवळची जागा तीच. १९९४ मध्ये राज्यात ४,८६० केंद्रे ठरली आणि प्रत्येक केंद्राला एक केंद्रप्रमुख असावा असे धोरण आले. दहा-पंधरा शाळांमागे एक अनुभवी माणूस असावा, त्याने वर्गात बसावे, शिक्षकांचे कुठे अडते ते पाहावे आणि महिन्याच्या शिक्षण परिषदेत त्यावर सर्वांना घेऊन काम करावे, ही त्यामागची कल्पना. सर्व शिक्षा अभियानात आणि २०१८ नंतर समग्र शिक्षेत यालाच समूह साधन केंद्र म्हटले गेले. जास्तीत जास्त १८ शाळांमागे एक केंद्र हा निकष ठरला. तालुक्याला गट साधन केंद्र आणि जिल्ह्याला डाएट (जिल्हा शिक्षण व प्रशिक्षण संस्था) अशी वरची साखळीही आहे. रचना मुळात चांगली आहे. ती आज ज्या कामाला जुंपली आहे, ते काम तिचे नव्हे.

शाळाभेट म्हणजे काय, हे आधी स्पष्ट व्हायला हवे. परिपाठाआधी पोहोचायचे, एक पूर्ण तासिका मागच्या रांगेत बसून अध्यापन पाहायचे, मध्ये बोलायचे नाही. मग पाच-सहा मुलांना बाजूला घेऊन त्यांना वाचायला आणि गणित सोडवायला द्यायचे. चौथीच्या मुलाला ४०२ वजा १७८ घातले की अनेकदा उत्तर येते ३७६. हा निष्काळजीपणा नसतो. मुलाने ‘लहान अंक मोठ्यातून काढायचा’ एवढाच नियम धरलेला असतो, म्हणून तो एककात ८ मधून २, दशकात ७ मधून ० आणि शतकात ४ मधून १ काढतो. दशकाच्या घरात शून्य असल्याने हातचा थेट तिथून घेता येत नाही. आधी शतक सुटे करावे लागते आणि मग दशक. हे फळ्यावर कितीही वेळा खोडून-लिहून दाखवले तरी डोक्यात शिरत नाही. शंभर काड्यांचे चार गठ्ठे आणि दोन सुट्या काड्या मुलाच्या हातात द्या. एक मोठा गठ्ठा सोडून दहा-दहाचे दहा गठ्ठे करायला लावा, त्यांतला एक सोडून दहा सुट्या करायला लावा. आता समोर तीन शतक, नऊ दशक, बारा एकक दिसतात आणि २२४ हे उत्तर मूल स्वतः काढते.

अशी चूक केंद्रातल्या चार-पाच शाळांत सापडली, तर पुढच्या शिक्षण परिषदेचा विषय तिथेच ठरतो. ज्या शिक्षकाच्या वर्गात मुलांना हे जमते, त्याने इतरांसमोर पाठ घ्यायचा. गट साधन केंद्रातल्या विषय साधनव्यक्तीला, म्हणजे त्या विषयाच्या मार्गदर्शकाला, त्या दिवशी बोलवायचे. महिन्याभराने त्याच मुलांना तशीच वेगळी उदाहरणे घालून पाहायचे. केंद्राचे काम म्हणतात ते हे, एवढेच आणि इतके मोलाचे. असे काम होते तिथे शेरेबुकात ‘अध्यापन समाधानकारक’ असा शेरा नसतो. कोणत्या इयत्तेत, किती मुले, कुठे अडली आणि पुढच्या भेटीपर्यंत काय करायचे, हे तिथे लिहिलेले असते.

आता हिशेब पाहा. केंद्रात बारा शाळा धरल्या आणि प्रत्येक शाळेला महिन्यातून दोन भेटी धरल्या, तर चोवीस दिवस झाले. म्हणजे महिन्याचे कामाचे सगळे दिवस त्यातच गेले. प्रत्यक्षात अनेक तालुक्यांत पदे रिकामी आहेत आणि एकाच माणसाकडे दोन-तीन केंद्रांचा कार्यभार आहे. काही ठिकाणी प्रभारी म्हणून नेमलेल्या मुख्याध्यापकाला स्वतःचा वर्गही सांभाळावा लागतो. २०२२ मध्ये निम्मी पदे पदोन्नतीने आणि निम्मी विभागीय मर्यादित स्पर्धा परीक्षेने भरण्याचे ठरले. धोरण योग्य आहे, पण ठरल्यानंतर भरती वेळेवर व्हायला हवी. पद रिकामे राहिले की शाळाभेटी थांबतात, माहिती मागवणे मात्र थांबत नाही.

माहितीचा हा भार हेच सर्वांत मोठे दुखणे आहे. ३० सप्टेंबरच्या स्थितीनुसार यू-डायसवर, म्हणजे शाळांच्या माहितीच्या देशव्यापी पोर्टलवर, शाळेचा पट, खोल्या, स्वच्छतागृहे, वीज, पाणी, शिक्षक सगळे भरले जाते. विद्यार्थीनिहाय नोंद वेगळ्या पोर्टलवर असते. तरीही तीच माहिती ‘आज दुपारी तीनपर्यंत’ म्हणून एक्सेलमध्ये पुन्हा मागवली जाते. मुख्याध्यापक वर्ग सोडून ती भरतो, केंद्रप्रमुख बारा शाळांची एकत्र करतो, तालुका पुढे पाठवतो. यात चुकाही होतात, कारण दर वेळी रकान्यांचा क्रम वेगळा असतो आणि घाईत ‘निरंक’ टाकून मोकळे होण्याकडे कल असतो. पोर्टलवर असलेली माहिती शाळेकडून पुन्हा मागवायची नाही, असा स्पष्ट आदेश निघाला पाहिजे. त्याचबरोबर आठवड्याचे दोन दिवस बैठक, व्हीसी (व्हिडिओ बैठक) आणि माहिती मागवणे पूर्ण बंद ठेवून फक्त शाळाभेटींसाठी राखले पाहिजेत.

अनुदानाचेही तसेच. समग्र शिक्षेतून संयुक्त शाळा अनुदान मिळते: ३० पर्यंत पट असेल तर १० हजार रुपये, ३१ ते १०० ला २५ हजार, १०१ ते २५० ला ५० हजार, २५१ ते १,००० ला ७५ हजार. त्यातले किमान दहा टक्के स्वच्छतेवर खर्चायचे असतात. छोट्या शाळेचे १० हजार वीजबिल, खडू, रजिस्टर आणि नळदुरुस्तीतच संपतात. त्यामुळे ते वेळेवर मिळणे फार महत्त्वाचे. ही रक्कम वर्षाच्या शेवटी पीएफएमएसवर (सरकारी निधीच्या ऑनलाइन प्रणालीवर) आली, तर ३१ मार्चपूर्वी ठराव, दरपत्रके, खरेदी, देयक सगळे काही दिवसांत उरकावे लागते. इथे एक साधी गोष्ट हमखास आड येते. मुख्याध्यापकाची बदली झालेली असते किंवा शाळा व्यवस्थापन समिती नवी झालेली असते, पण बँकेत जुन्याच सह्या असतात. मग पैसे आले तरी काढता येत नाहीत आणि मुदत संपली की परत जातात. केंद्रप्रमुखाने जून-जुलैच्या पहिल्या भेटीतच समितीचा ठराव, नव्या नमुना सह्या आणि केवायसी झाले का, हे तपासले तर ही वेळ येत नाही. पालकांनीही हे विचारावे. समितीत ७५ टक्के सदस्य पालक असतात आणि शाळा विकास आराखडा करणे हे कायद्यानेच समितीचे काम आहे. केंद्रप्रमुखाचा शेरा समितीच्या बैठकीत मोठ्याने वाचून दाखवा, अशी मागणी कोणत्याही गावाला करता येते.

बीडसारख्या जिल्ह्यात केंद्राची खरी परीक्षा दसऱ्यानंतर असते. ऊसतोडीला निघालेल्या कुटुंबांची मुले आजी-आजोबांजवळ गावात राहावीत म्हणून हंगामी वसतिगृहे आहेत. पण सर्वेक्षण, यादी, समितीचा ठराव, तालुका, जिल्हा असा प्रस्तावाचा प्रवास होऊन मंजुरी येईपर्यंत ऊसतोड मजुरांच्या टोळ्या निघून गेल्या, तर वसतिगृह उघडून उपयोग नसतो. मूल एकदा कोयता घेऊन गेलेल्या आईबापांबरोबर गेले की ते मार्च-एप्रिलपर्यंत परत येत नाही. टोळी नेणाऱ्या मुकादमाकडून उचल (आगाऊ रक्कम) कोणी घेतली, कुटुंबातले कोण जाणार, घरी सांभाळणारे कोण, हे ऑगस्टमध्येच गावात माहीत असते. तेव्हाच यादी करून सप्टेंबरअखेर मंजुरी द्यायला कोणतीही तांत्रिक अडचण नाही.

जी मुले तरीही जातात, त्यांना नव्या ठिकाणी शिक्षण चालू ठेवता यावे म्हणून मूळ शाळेने द्यायचे शिक्षण हमी पत्रक आहे. त्यात मुलाची इयत्ता, मूळ शाळेचा यू-डायस क्रमांक आणि विद्यार्थी क्रमांक असला, की नव्या ठिकाणच्या शाळेला त्याची नोंद शोधत बसावे लागत नाही. दाखला नाही म्हणून प्रवेश अडवता येत नाही, हे शिक्षण हक्क कायद्याच्या कलम ५ मध्ये आहेच. खरी अडचण ही, की टोळी कोणत्या तळावर उतरली हे तिथल्या शाळेला कळत नाही. ती माहिती साखर कारखान्याच्या शेतकी विभागाच्या गट कार्यालयात मुकादमनिहाय असते. कारखाना परिसरातल्या केंद्रप्रमुखांनी गाळप सुरू होताच ती यादी घ्यावी आणि मूळ गावच्या केंद्रप्रमुखांना कळवावी. दोन केंद्रांतल्या दोन माणसांचा हा फोन झाला, की मूल चार-पाच महिने शाळेबाहेर राहत नाही.

दिव्यांग मुलांचे काम तर केंद्राशिवाय होतच नाही. गट साधन केंद्रातले विशेष शिक्षक मोजके, मुले गावोगाव विखुरलेली. मोजमाप शिबिर आणि साहित्यवाटप यांत सहा-आठ महिने गेले, तर वाढत्या वयाच्या मुलाला कॅलिपर (पायाला आधार देणारी पट्टी) बसत नाही आणि तो कोपऱ्यात पडून राहतो. शिबिरानंतर साहित्य कधी येणार आणि बसले नाही तर बदलून कोण देणार, याची जबाबदारी नावानिशी ठरली पाहिजे.

कमी पटाच्या शाळा बंद करून समूह शाळा करण्याचा विचार २०२३ पासून चालू आहे. कोठारी आयोगाने मांडलेली आणि २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात पुन्हा आलेली शाळा संकुलाची कल्पना वेगळी आहे. तिच्यात शाळा गावातच राहते. प्रयोगसाहित्य, ग्रंथालय, कला-क्रीडा शिक्षक यांचा वापर वाटून होतो. त्यासाठी लागणारी यंत्रणा म्हणजे आपली केंद्रेच.

यंदाच्या हंगामापुरते शिक्षण विभागाने एवढे तरी करावे: हंगामी वसतिगृहांची मंजुरी ३० सप्टेंबरपूर्वी द्यावी, आणि ज्या तालुक्यांतून सर्वाधिक स्थलांतर होते तिथली केंद्रप्रमुखांची रिक्त पदे सर्वांत आधी भरावीत.

– एक निवृत्त शिक्षण विस्तार अधिकारी, जि. बीड