शुनपूच्या आयीस

प्रिय आयी,

तू की तुम्ही, इथेच पहिल्या ओळीला अडले होते. तुमच्या बोलीत समोरच्याला, लहान असो की मोठा, एकच शब्द. मराठीत मात्र ठरवावं लागतं. मालवणात आम्ही आईला तूच म्हणतो, म्हणून तुलाही तू.

हे पत्र मराठीत लिहिते आहे, कारण मनातलं मला याच भाषेत नीट सांगता येतं. तुझी नात आता श्यामेनला शिकते. तिला मी हे माझ्या मोडक्या चिनीत सांगीन आणि ती तुला तुझ्या मिन्नान बोलीत सांगेल. पण इथल्या माझ्या माणसांनीही ते वाचावं असं वाटतं. गेली इतकी वर्षं मी त्यांना सांगते आहे की चीनमध्ये, फुच्येन प्रांताच्या किनाऱ्यावरच्या शुनपू गावात, मी दोन वर्षं मुलांना इंग्रजी शिकवलं. त्यात तुझं नाव कधी आलं नाही, आणि ते बरोबर नाही.

तुला मी आयी म्हणायला लागले ते पुस्तकात बघून. आईच्या, मावशीच्या वयाच्या कुठल्याही बाईला चिनीत आयी म्हणतात, असं लिहिलं होतं. तुमच्या गल्लीत तर तो शब्द 'आ-ई' असा ऐकू यायचा. परक्या देशात पहिल्याच आठवड्यात शेजारच्या दारातून कुणाची तरी लेक 'आ-ई, आ-ई' अशी हाक मारते आहे, हे ऐकून मी जिन्यातच बसून राहिले होते. तेव्हा तू खाली कालवांच्या ढिगाजवळ बसली होतीस. हातातलं हत्यार बाजूला ठेवलंस, वर पाहिलंस आणि विचारलंस, "चिआ पा बे?" जेवलीस का? आमच्याकडेही भेटल्यावर हेच विचारतात, आयी. तेवढं मला न शिकता कळलं.

ते २०१६ सालचे ऑगस्टचे दिवस. नवऱ्याचं काम नदीपलीकडे जिनज्यांगला, बुटांच्या कारखान्यांत तपासनिसाचं. माझ्या व्हिसावर पगारी नोकरी करता येत नव्हती, म्हणून फुकट शिकवायचं ठरवलं. रत्नागिरीला सहा वर्षं शाळेत इंग्रजी शिकवलं होतं, तेव्हा अनुभव होता. च्वानचौ शहरातल्या एका शिकवणी वर्गाने फोनवर आनंदाने बोलावलं आणि मला दारात पाहिल्यावर चहा देऊन परत पाठवलं. पालकांना गोरा शिक्षक हवा असतो, असं तिथल्या मुलीने खाली मान घालून सांगितलं. तिचा दोष नव्हता. पण त्या दिवशी बसमधून येताना मी ठरवलं होतं की आता घर सांभाळायचं आणि दोन वर्षं मोजायची.

मग सप्टेंबरमध्ये मेरांती चक्रीवादळ आलं. १४ तारखेच्या संध्याकाळी नवरा कारखान्यात अडकला आणि मी एकटी खिडकीला चिकटपट्ट्या लावत होते. कोकणात पाऊस पाहिला होता, पण असं वादळ नाही. तू वर आलीस, काही न बोलता माझं मनगट धरलंस आणि मला तुझ्या दगडी घरात नेलंस. पहाटे तीनच्या सुमारास ते वादळ श्यामेनच्या किनाऱ्याला लागलं. आपल्याकडे वीज त्याच्या खूप आधी गेली होती. १५ तारखेला मध्यशरदाचा सण, आपल्या कोजागिरीसारखा; पण चंद्र कुठला दिसायला. तू मेणबत्ती लावलीस, मधोमध चिनीमातीचा वाडगा ठेवलास आणि माझ्या हातात सहा फासे दिलेस. तुमच्याकडे या दिवसांत फासे टाकून चंद्रपोळ्या जिंकायचा खेळ असतो, हे मला ठाऊक नव्हतं. बाहेर पत्रे उडत होते आणि आत फासे वाडग्यात खणखणत होते. माझे चार फासे चारावर पडले, चारही लाल ठिपक्यांचे, आणि तुझी नात ओरडली, "च्वांगयुआन!" सगळ्यात मोठं बक्षीस. पूर्वी राजाच्या परीक्षेत पहिल्या येणाऱ्याला च्वांगयुआन म्हणत, हे तिने मला खुणांनी, चित्र काढून समजावलं. दहा वर्षांची पोर, मेणबत्तीच्या उजेडात मला शिकवत होती. तू ते बघत होतीस. तुझ्या डोक्यात वर्गाची गोष्ट त्याच रात्री आली असणार, असं मला अजून वाटतं.

पंधरा दिवसांत तू गावातल्या वृद्ध मंडळाच्या हॉलची किल्ली आणलीस. कुणाकुणाशी भांडलीस ते मला पुढे कळलं. भारतातली बाई इंग्रजी काय शिकवणार, असं विचारणाऱ्यांना तू म्हणालीस, "माझी नात जाणार आहे. मीही जाणार आहे."

आणि खरंच आलीस. अकरा मुलं आणि शेवटच्या बाकावर तू, केसांच्या अंबाड्याभोवती जाई आणि चाफ्याचं गोल कडं, हातांना समुद्राचा वास.

इथे थोडं थांबून सांगते, कारण आभार मुख्यतः या एका गोष्टीचे आहेत. पहिले तीन आठवडे वर्गात कुणी तोंड उघडलं नाही. मुलं हुशार होती, वहीत शब्द सुबक लिहायची, स्पेलिंग चुकायचं नाही. पण बोल म्हटलं की माना खाली. चारचौघांत चुकण्यापेक्षा गप्प बसलेलं बरं, हे त्यांच्या अंगात इतकं मुरलेलं होतं की मी गाणी म्हटली, खेळ घेतले, चित्रं आणली, काही उपयोग झाला नाही. त्यातून तुमच्या बोलीत इंग्रजीतला, दातांचा 'फ' नाही. फुच्येनची माणसं स्वतःच्या प्रांतालाच हुच्येन म्हणतात, म्हणून बाहेरचे चिनी त्यांची थट्टा करतात. त्या मुलांनी ती थट्टा ऐकलेली होती. मी फळ्यावर मासा काढला आणि 'फिश' म्हणा म्हटलं, तर हॉलमध्ये नुसती पंख्याची घरघर.

तू उभी राहिलीस. मासळीबाजारात भाव पुकारतेस त्या आवाजात म्हणालीस, "हिश!"

मुलं हसली. तुझी नात लाजेने लाल झाली. तू बसली नाहीस. मी खालचा ओठ वरच्या दातांखाली धरून दाखवला, तसा तू धरलास आणि पुन्हा "हिश". पुन्हा हसू. सातव्या-आठव्या वेळी कुठे तुझ्या तोंडून वारा फुटला, "फ्फिश". तू माझ्याकडे नाही पाहिलंस, मुलांकडे पाहिलंस. तेव्हा पहिल्या रांगेतला तो चष्मेवाला मुलगा हळूच म्हणाला, "हिश." मग सगळेच. ज्या गल्लीत तुला सगळे आमा, आमा, म्हणजे आजी, म्हणत वाट देतात, तिथे तू अकरा पोरांसमोर सात वेळा चुकलीस. बी.एड.ला मला मुलांची भीड कशी घालवायची यावर परीक्षेत प्रश्न होता आणि मी पानभर उत्तर लिहिलं होतं. तुझ्या उभं राहण्याएवढं त्यात काही नव्हतं.

तुला ठाऊक नाही, पण माझीही चूक त्या वर्गातच सापडली. मुलांनी विचारलं, 'वेस्ट' म्हणजे बंडी आणि 'वेस्ट' म्हणजे पश्चिम, तुम्ही दोन्ही सारखंच का म्हणता? मराठीत एकच 'व' आहे. सहा वर्षं शिकवताना मला कुणी हे विचारलं नव्हतं. त्या संध्याकाळी मी आरशासमोर ओठ गोल करून बसले, तुझ्यासारखी.

नंतर चहाचा दिवस. तू थर्मास घेऊन आलीस, आन्शीची तिएक्वानयिन होती, इवल्याशा कपांत ओतलीस आणि मुलांना म्हणालीस, "ते." चहा, तुमच्या बोलीत. माझ्या हातातला खडू थांबला. मी फळ्यावर 'टी' लिहिलं आणि मुलांना सांगितलं की हा इंग्रजांचा शब्द नाही, तुमचा आहे. तुमच्याच किनाऱ्यावरच्या बोलीतला 'ते' डच व्यापाऱ्यांच्या जहाजांतून युरोपात गेला आणि तिथून इंग्रजीत आला. आम्ही 'चहा' म्हणतो तोही चीनचाच, पण दुसऱ्या भागातला, 'छा' म्हणणाऱ्यांचा. मुलं आधी माझ्याकडे, मग तुझ्याकडे बघायला लागली. शाळेत बोली बोललं की हसतात, घरी चिनी बोललं की आजी-आजोबांना कळत नाही, आणि इंग्रजी तर फारच दूरची. त्या इंग्रजीत आजीचा शब्द बसलेला निघाला. चष्मेवाल्याने घरी जाऊन आजोबांना सांगितलं. दुसऱ्या दिवशी आजोबा दाराशी उभे, आणखी काय काय आमचं आहे म्हणून विचारत.

माझ्या वहीचंही तुला सांगायचं राहिलं. चिनी लिपीत तुझी बोली कशी लिहायची ते तुलाही येत नव्हतं, तुझी शाळा दुसरीतच सुटलेली. मंदारिन, म्हणजे शाळेतली चिनी, आपल्या दोघींचीही उसनी. म्हणून मी तुझे शब्द देवनागरीत लिहू लागले, आणि काय चपखल बसले! मंदारिनमध्ये आपला 'ब' नाही, 'ग' नाही. तुझ्या बोलीत मात्र प, फ, ब वेगळे आणि क, ख, ग वेगळे. 'पा' म्हणजे पोट भरलेलं, 'फा' म्हणजे मारणं. हा 'फ' आपला ओठ मिटून म्हणायचा, इंग्रजीतला दातांचा नव्हे. शिक्षिका असून आपल्या बाराखडीचं मोल मला तुझ्या ओसरीवर कळलं. ती वही अजून माझ्याजवळ आहे, पानांना कालवांच्या पाण्याचे डाग आहेत.

खाण्याचे आभार मानले तर तू रागावशील, म्हणून थोडक्यात. सकाळची ती शेवयांची पातळ पेज. आणि कालवं रताळ्याच्या पिठात घोळवून, वर अंडं फोडून तव्यावर परतायचीस ते. माझी आजी ओहोटीला खडकांवरची कालवं काढून आणायची आणि खोबरं-तिरफळ घालून करायची. तुला ते सांगितलं, तर तू माझे तळवे उलटे करून बघितलेस, आजीसारखे चरे आहेत का म्हणून. नव्हते. मग तू मला कालव उघडायला शिकवलंस. अजूनही मला जमतं. शिंपल्याची धार कुठे सैल आहे ते बोटाने आधी शोधायचं, जोर नंतर.

त्या दिवाळीत मी रडले ते तू पाहिलंस. दुसऱ्या दिवशी मला बसने काययुआन मंदिरात नेलंस. उदबत्ती लावलीस, आणि मग मोठ्या सभागृहाच्या मागच्या बाजूला नेऊन एका दगडी खांबावर माझा हात ठेवलास. नरसिंह. मांडीवर हिरण्यकश्यपू. बुद्धाच्या मंदिरात, चीनच्या किनाऱ्यावर. हे खांब इथल्या एका नाहीशा झालेल्या हिंदू देवळाचे, हे मी पुढे वाचलं. इथे दक्षिणेतले तमिळ व्यापारी राहत. त्यांचा शके १२०३ चा, म्हणजे १२८१ सालचा, तमिळ शिलालेख या शहरात सापडला आहे. हे तुला ठाऊक असणं शक्य नव्हतं. तू फक्त खांबावर थोपटून म्हणालीस, "तुमच्याकडचे. खूप आधी आले."

लोयांग पुलाची सहलही तूच काढलीस. १०५३ ते १०५९ या काळात बांधलेला तो पूल. त्याच्या पायांवर कारागिरांनी मुद्दाम कालवं वाढवली, आणि कालवांनी दगडांना दगड सांधले. मुलांना तू हे ओहोटीच्या चिखलात उभी राहून सांगितलंस. परत आल्यावर प्रत्येकाला इंग्रजीत एक वाक्य लिहायला दिलं. तुझ्या नातीने लिहिलं, 'ऑयस्टर्स होल्ड द ब्रिज'. त्या वाक्यात एकही चूक नव्हती. तिने ते मोठ्याने वाचलं, कुणी सांगितलं नसताना, उभं राहून.

जून २०१८ मध्ये निघताना तू पहाटे माझे केस विंचरलेस आणि तुझ्यासारखं फुलांचं कडं बांधून दिलंस. शुनपूत ऐंशीच्या म्हाताऱ्याही फुलं माळतात. आजोबा गेल्यापासून माझ्या आजीने पुन्हा कधी गजरा माळला नाही, आणि बाबा गेल्यावर आईनेही नाही. घरी आल्यावर मी आईसाठी मोगऱ्याचा गजरा आणला. ती नको म्हणाली. मी तिला तुझा फोटो दाखवला. तिने तो बराच वेळ पाहिला आणि पाठ फिरवून बसली, केस माझ्याकडे करून.

आता तुमच्या गल्लीत फुलं माळून फोटो काढायला देशभरातून माणसं येतात, असं ऐकते. परवा नातीने पाठवलेल्या व्हिडिओत तू एका परदेशी मुलीचे केस बांधते आहेस आणि तिला इंग्रजीत दटावते आहेस, "सिट. डोन्ट मूव्ह. फ्लॉवर विल फॉल." दोन्ही 'फ' स्वच्छ. मी तो आवाज किती वेळा ऐकला ते सांगत नाही.

वहीच्या पानांचे फोटो नातीला पाठवते आहे. काही शब्दांपुढे मी प्रश्नचिन्हं केली होती, ती तुला विचारून तिने भरावीत. नोव्हेंबरमध्ये, कालवं भरली की, येते आहे. आई बरोबर असेल. तिला चिनी येत नाही, तुला मराठी येत नाही. ती तुला काय हाक मारेल ते मला ठाऊक नाही, पण तू तिला पहिला प्रश्न कुठला विचारशील ते मी तिला शिकवून ठेवलं आहे, आणि उत्तरही.

तुझी,
वरच्या मजल्यावरची शिक्षिका
मालवण