'लॅपविंग'मध्ये ना 'लॅप', ना 'विंग'

संपादक महोदय,

आपल्या रविवार पुरवणीतल्या शब्दांच्या सदरात टिटवीच्या युरोपीय भावंडाचे, 'लॅपविंग'चे नाव 'लॅप' म्हणजे घडी आणि 'विंग' म्हणजे पंख असे फोडून दाखवले आहे. आजच्या स्पेलिंगवरून केलेली ही फोड चुकीची आहे.

इंग्लंडवरच्या नॉर्मन स्वारीच्या (१०६६) आधीच्या लॅटिन-इंग्रजी शब्दसूचींत हा पक्षी 'ह्लेआपेविंचे' या नावाने येतो. पहिला घटक 'ह्लेआपान' म्हणजे उडी मारणे, आजचे 'लीप'. दुसरा 'विंक'च्या कुळातला. त्याचा जुना अर्थ डुलणे, झोकांडणे. या पक्ष्याचे संथ, कलंडत जाणारे उड्डाण पाहिलेल्याला या नावाचे नवल वाटणार नाही.

'विंग'चे काय? जुन्या इंग्रजीत पंखाला 'फेदर' म्हणत. 'विंग' हा नॉर्स, म्हणजे जुन्या स्कँडिनेव्हियन भाषेतून आलेला शब्द; इंग्रजी लिखाणात तो साधारण १२०० च्या सुमारास दिसू लागतो. पक्ष्याचे नाव त्याहून कितीतरी जुने. तेव्हा मुळात तिथे 'विंग' असणे शक्यच नाही. पुढे 'विंक'चा जुना अर्थ विसरला गेला आणि पक्ष्याच्या नावात पंख असणारच, या समजुतीने लोकांनी शेवट बदलून घेतला.

'लीप'चे 'लॅप' कसे झाले, हे नीट समजून घेण्यासारखे आहे. सुरुवातीचा 'ह' गळाला, जसा 'ह्लाफ'चा 'लोफ' होताना गळाला. आणि सामासिक शब्दात पहिला दीर्घ स्वर आखूड झाला. मराठीत 'फूल' पण 'फुलदाणी', तसेच हे. इंग्रजीतच याचा जोडीदार आहे: 'चेआप' (व्यापार) या शब्दापासून सुटे 'चीप' झाले, पण 'चेआपमान'चे (व्यापारी) 'चॅपमन' झाले. 'लीप' आणि 'लॅप' यांचे नाते अगदी असेच.

इंग्रज कवी चौसरने चौदाव्या शतकात या पक्ष्याला कपटी म्हटले. घरट्याजवळ कोणी आले की लॅपविंग जखमी असल्याचे सोंग करून त्याला दूर नेते, त्यावरून ही बदनामी. इंग्रज कवी गॉवरच्या १३९० च्या काव्यात ग्रीक पुराणकथेतल्या तेरेउस राजाचा 'लापेविंके' होतो, गवतात उड्या मारत फिरतो आणि त्याच्या डोक्यावरचा उभा तुरा तो सरदार असल्याची खूण ठरतो. रोमन कवी ओव्हिडच्या मूळ लॅटिन कथेत मात्र तो हुदहुद्या होतो. तुरा दोघांनाही असल्याने इंग्रजीत हे नाव हुदहुद्यालाही चिकटले. १६११ च्या इंग्रजी बायबलमध्ये लेवीय या पुस्तकाच्या अकराव्या अध्यायात 'लॅपविंग' आहे, तिथे आजची भाषांतरे हुदहुद्या मानतात.

म्हणून जुन्या इंग्रजी मजकुरात हा शब्द आला की आधी तारीख पाहावी, मग मूळ लॅटिन शब्द पाहावा, आणि 'उपुपा' असेल तर हुदहुद्या समजावा. नुसते 'टिटवी' लिहिण्यातही एक अडचण आहे. आपल्या लाल गाठीच्या टिटवीला तुरा नाही, त्यामुळे गॉवरच्या ओळीच कळत नाहीत. तिथे 'तुरेवाली टिटवी' लिहावे. शिवाय आपल्याकडचे नाव तिच्या हाकेवरून पडले आहे, चालीवरून नव्हे. इंग्रजीत तशा प्रकारचे नाव शोधायचे तर ते लॅपविंगचेच दुसरे नाव 'पीविट', तेही हाकेवरूनच आलेले.

सदरातली फोड पुढच्या अंकात दुरुस्त करावी, ही विनंती. शाळेतली मुले ती वहीत उतरवून घेतात.

आपला,
एक वाचक, कोल्हापूर