सूचना : रविवारी तैलरंगात व्यक्तिचित्र, प्रत्यक्ष मॉडेल समोर

मंडळी, नमस्कार.

येत्या रविवारी सकाळी ८ ते १२, नेहमीच्या गच्चीवरच्या खोलीत बसायचं आहे. सोलापूरचं ऊन चढायच्या आत काम व्हावं, म्हणून ७.४५ ला ईझल (कॅनव्हासचा स्टँड) लावून तयार राहा. उजेड फक्त उत्तरेच्या खिडकीचा. ट्यूबलाइट कुणीही लावू नये.

मॉडेल म्हणून साखर पेठेतले एक आजोबा येणार आहेत. उभं आयुष्य चादरीच्या मागावर गेलंय. डोक्याला पांढरा पटका, आणि त्याच्या काठाखाली कपाळावर जी निळसर सावली पडते ती नीट बघा. सगळं चित्र तिथे आहे.

आणायचं :
- १६ × २० इंची कॅनव्हास, ब्रश, फडकी
- रंग चारच : पांढरा, यलो ऑकर (मातकट पिवळा), व्हर्मिलियन (शेंदरी लाल), काळा. स्वीडिश चित्रकार अँडर्स झोर्न यांच्या नावाने ओळखली जाते ती हीच पॅलेट, म्हणजे रंगांचा संच. त्वचेचे बहुतेक टोन यात निघतात.

पहिला थर टर्पेंटाइनने पातळ, जवसाचं तेल वरच्या थरांत. उलट केलं की पुढे भेगा पडतात.

आजोबा २० मिनिटं बसतील, मग ५ मिनिटं विश्रांती. खुर्चीच्या पायांभोवतीच्या खडूच्या खुणा पुसू नका. पायाला कळ लागली म्हणाले की ब्रश लगेच खाली. त्यांना विचारल्याशिवाय फोटो काढायचा नाही.

तेलाची फडकी गोळा करून कोपऱ्यात टाकू नका, आपोआप पेटतात. त्यांच्यासाठी पाण्याची बादली ठेवली आहे.

मानधनाचे प्रत्येकी १०० रुपये रोख आणा. जागा आठच, शुक्रवार रात्रीपर्यंत नाव कळवा.