ताई, तुम्ही चेक घेतला नाहीत त्याबद्दल थँक्यू

प्रिय ताई,

हे तुम्हाला फोन करून पण सांगता आलं असतं, पण मुद्दाम सगळ्यांना दिसेल असं लिहितोय. छोटा धंदा करणारे ओळखीचे बरेच जण मला विचारतात की समाजासाठी काहीतरी करायचंय रे, पण आपली कुठे तेवढी ऐपत, आणि मी दरवेळी तुमचंच बोलणं स्वतःच्या नावावर खपवतो. म्हटलं आता पुरे झालं.

तुमच्या वाचनालयाला देणगी द्यायची म्हणून मी आलो होतो, सोबत आपल्या प्रेसच्या नावाचा बॅनर कुठे लागेल हेही डोक्यात होतंच (खोटं कशाला बोला), तर तुम्ही चेककडे बघितलंसुद्धा नाहीत आणि विचारत सुटलात की मशीन दुपारी किती वेळ रिकामं असतं, कटिंगमधून निघालेल्या कागदाचं काय करता, कामाला कोण कोण आहे, त्यातलं कोणाला काय येतं. मला वाटलं बाई इन्कम टॅक्समधून आल्यात की काय. आणि मग म्हणालात, "पैसे कोणीही देईल हो, छपाई तुम्हाला येते."

मी तरी हट्टाने ते 1 टक्क्याचं काढलं. 'वन पर्सेंट फॉर द प्लॅनेट' म्हणून 2002 मध्ये सुरू झालेला उपक्रम आहे, त्यात कंपन्या वर्षाच्या विक्रीतला 1 टक्का पर्यावरणाच्या कामांना देतात, मग आपण पण असंच काहीतरी करू, 1 टक्क्याने असं काय होतंय. तुम्ही तिथल्याच एका पाठकोऱ्या कागदावर हिशोब मांडलात. टक्का विक्रीवर आहे, नफ्यावर नाही. 100 च्या विक्रीत सगळं जाऊन हातात 8 राहत असतील तर 1 म्हणजे नफ्याचा आठवा हिस्सा, साडेबारा टक्के झाले की! आणि मंदीचा महिना आला की सगळ्यात आधी कात्री याच पैशाला लागते, आणि जे लोक त्यावर अवलंबून असतात ते मधेच लटकतात. ज्यांचं मार्जिन चांगलं आहे त्यांनी जरूर द्यावं, पण आपल्यासारख्याने आधी आपल्याकडे आत्ता काय पडून आहे ते बघावं, हे मला तेव्हा पटलं. त्याआधी कोणी असं आकड्यात सांगितलंच नव्हतं.

मग कमी दिसणाऱ्यांसाठी ते मोठ्या अक्षरांत छापायचं काम सुरू झालं, आणि खरं सांगू, इतकी वर्षं छपाईत असून मला त्यातलं काही कळत नव्हतं. मी म्हटलं फॉन्ट मोठा केला की झालं. तुम्ही ते पहिलं पान एका आजींच्या हातात दिलंत, त्यांनी ते खिडकीकडे धरलं, तिरकं केलं, परत सरळ केलं आणि म्हणाल्या चमकतंय. कागद ग्लॉसी होता ना! मग मॅट कागद घेतला, अक्षर 18 पॉइंट, तिरका टाइप बंद, ओळी डावीकडून सुरू आणि उजवी बाजू जशी येईल तशी सोडून द्यायची, कारण दोन्हीकडून जुळवायला गेलं की शब्दांमध्ये कमीजास्त गॅप पडतात आणि कमी दिसणाऱ्याची नजर तिथेच अडकते. राखाडी पट्ट्यांवरचा मजकूर तर पार काढूनच टाकला. आता औषधांच्या वेळांचे तक्ते, सरकारी फॉर्म कसा भरायचा त्याची माहिती, वाचनालयाची यादी, सगळं असंच निघतं, तेही दुपारच्या रिकाम्या वेळात, म्हणजे मला कागद आणि शाई सोडून जवळपास काही लागत नाही. कटिंगच्या पट्ट्यांचे गम लावून पॅड बांधतो ते मुलं कच्च्या कामाला नेतात. आणि गंमत म्हणजे पैसे देणारे कस्टमर पण आता विचारतात की ते आजींचं सेटिंग आमच्या पत्रिकेला लावा ना.

स्टाफचं पण तुम्हीच बरोबर पकडलंत. मी म्हटलं होतं सुट्टीच्या दिवशी आमची पोरं येतील मदतीला. तुम्ही म्हणालात सुट्टी त्यांची आहे, तुम्ही कशी देताय? पगाराच्या वेळेत पाठवत असाल तर ते तुमचं देणं, नाहीतर त्यांच्या खिशातून तुमचं पुण्य. तेव्हा जरा लागलं. पण आता ते कामाच्या तासांतच धरतो आणि पोरं स्वतःहून नंबर लावतात. आणि छोट्या सप्लायरचं बिल वेळेवर देणं हे कुठल्याही देणगीच्या आधी, हे तर तुम्ही असं सांगितलंत की त्यानंतर मी कोणाचंही बिल अडवलं की तुमचा चेहरा समोर येतो.

जपानचं मला तुमच्याकडूनच कळलं. तिथे 2005 पासून साध्या लोकांना, म्हणजे दुकानदार, बँकेतले कर्मचारी अशांना, स्मृतिभ्रंश झालेल्या माणसाशी कसं वागायचं याचा साधारण 90 मिनिटांचा कोर्स देतात. आमच्याकडे एक आजोबा तोच कागद घेऊन परत परत झेरॉक्सला यायचे, काउंटरवरचा पोरगा वैतागायचा, आत्ताच तर काढली म्हणायचा. आता तो शांतपणे कागद घेतो, बसा म्हणतो आणि हळूच घरी फोन लावतो. याला मशीन लागत नाही की चेक. दुकान दिवसभर उघडं असतं आणि काउंटरवरचा माणूस चेहरे ओळखतो, एवढंच भांडवल. मोठ्या कंपनीला हे जमायचं नाही, असं माझं तरी मत आहे.

बॅनरवरून मात्र आपलं अजून जमलेलं नाही. तुम्ही म्हणता नाव नकोच. रोटरीचं उदाहरण तुम्हीच दिलं होतं, 1905 मध्ये शिकागोत पॉल हॅरिसनी सुरू केलेला व्यवसायवाल्या लोकांचा क्लब, आणि 1907 च्या सुमारास लोकांसाठी त्यांनी पहिलं मोठं काम हातात घेतलं ते सार्वजनिक संडासांचं. तिथे कोण फोटो काढणार, असं तुम्ही म्हणालात आणि मी हसलो. पण ताई, शंभर वर्षांनंतर आपल्याला ते माहितीये ते कोणीतरी सांगितलं म्हणूनच ना? मदत घेणाऱ्याचा फोटो नको हे शंभर टक्के मान्य, पण तक्त्याच्या खाली बारीक अक्षरात प्रेसचं नाव असलं तर दुसरा प्रेसवाला विचारायला येतो. दोघं आले पण, एकाने तर आपली फाइल तशीच्या तशी नेली. यावर भांडू कधीतरी निवांत.

तर ताई, मनापासून थँक्यू. चेक अजून ड्रॉवरमध्येच आहे, त्यातून मॅट कागदाचा स्टॉक घ्यायचा का ते सांगा. आणि नवीन तक्त्याचं प्रूफ पोराबरोबर पाठवतोय, आधी त्या आजींना दाखवा, मग तुम्ही बघा.

तुमचा,
छपाईवाला