पलटी नांगरवाल्या अण्णांना

अण्णा,

नाव घातलेलं तुम्हाला आवडायचं नाही, म्हणून नुसतं अण्णाच. निपाणीकडच्या आमच्या काळ्या रानात तुम्ही उन्हाळ्यात नांगर घातलात आणि यंदा सोयाबीनच्या ओळी बांधावरनं दिसायला लागल्या. कुंदा गवतानं गिळलेलं रान ज्यानं बघितलंय, त्यालाच यातलं समाधान कळेल. वरनं कितीही कापा, गुरं सोडा, खाली काशा, म्हणजे त्याची जमिनीतली पेरापेरांची खोडं, हातभर खोल जित्याच.

तुमच्या आधी ट्रॅक्टरमागं फिरत्या पात्यांचा रोटर लावणारा एक रोटरवाला येऊन गेला. आधी काशा वेचूया म्हटलं, तर म्हणाला, "भुगाच करतो, बघा." केला भुगा! काशीच्या पेराला डोळा असतो, तुकडा पडला की तिथनं नवा कोंब. कोपऱ्यातला कुंदा त्यानं साऱ्या रानाला वाटला, पैसे रोख मोजून घेतले आणि नंतर फोन उचलायचा बंद झाला. याच बेळगाव जिल्ह्यात गुर्लहोसूरला जन्मलेल्या लक्ष्मणराव किर्लोस्करांनी लोखंडी नांगर काढला, तेव्हा लोखंडानं जमीन नासते म्हणून लोक घेईनात म्हणे. जमीन घाईनं हाकणाऱ्यामुळं नासते, हे त्या रोटरवाल्यानं दाखवलं.

तुम्ही खोल नांगरलंत, काशा उन्हात उताण्या पाडल्यात, बायकांनी त्या वेचून जाळल्या. त्याचे पैसे मी दिले, तो व्यवहार झाला. मनात राहिलंय ते त्यानंतरचं. दिवस मावळलेला, घरी जायची वेळ, तरी ट्रॅक्टर बांधाबाहेर काढण्याआधी तुम्ही खाली उतरलात. फाळाला चिकटलेली चिखलट ढेकळं खुरप्यानं खरवडलीत, त्यातल्या बोटाएवढ्या काशासुद्धा निवडून टॉवेलात बांधल्यात. "राहू दे की अण्णा," म्हटलं, तर तुमच्या मोडक्या मराठीत म्हणालात, "पुढं दुसऱ्याचं रान हाय की."

ज्याचं रान, त्याला हे कधी कळणारही नव्हतं.

पाटी कुठल्या भाषेत लावायची यावर आमच्याकडं मोर्चे निघतात. फाळ पुसून पुढच्या रानात जाणारा माणूस मात्र मराठीतही शोधावा लागतो आणि कन्नडमध्येही.

बांधाकडनं अजून चार-दोन कोंब डोकावतात, दिसला की खणून काढतोय. शेजाऱ्यानं तुमचा नंबर मागितला, तो मी दिलाय. उन्हाळ्यात त्याचा फोन येईल. घासाघीस करण्यात तो पटाईत आहे, दर अजिबात कमी करू नका.