रविवारची मिस्सा, बेसबॉल आणि कानातले हेडफोन

मा. संपादक,
स.न.वि.वि.

वसईत हल्ली कुठल्याही देवळाबाहेर (म्हणजे चर्चबाहेर) रविवारी मिस्सा, म्हणजे सामूहिक उपासना, सुटल्यावर दोन मिनिटं उभं राहा, मोठ्या माणसांचं एकच बोलणं कानावर येतं, पोरं टर्फवर तरी असतात नाहीतर हेडफोन लावून बसलेली असतात, धर्माचं कोणाला पडलेलं नाही. मला हे अजिबात पटत नाही म्हणून लिहितोय. मी कॅथलिक, क्रिकेट फुटबॉल सगळं बघतो पण खरं वेड बेसबॉलचं, जे आपल्याकडे फारसं कोणी बघत नाही, आणि जोडीला पॉप गाणी. या तिघांचं माझ्या डोक्यात कधी भांडण झालं नाही.

८ मे २०२५ ला पोप लिओ निवडून आले तेव्हा मला झालेला आनंद दुहेरी होता. शिकागोचा माणूस, आणि तिथल्या व्हाइट सॉक्स या बेसबॉल टीमचा फॅन! आधी बातमी आली की ते शिकागोच्याच दुसऱ्या टीमचे, कब्सचे फॅन, मग त्यांच्या भावानेच सांगितलं की नाही, सॉक्सच. २००५ च्या वर्ल्ड सिरीजच्या (अमेरिकेतल्या बेसबॉलची फायनल) पहिल्या मॅचच्या फुटेजमध्ये ते स्टँडमध्ये बसलेले दिसतात, तेव्हा ते ऑगस्टिनियन या संन्यस्त धर्मसंघाचे जगभराचे प्रमुख होते, पण तिथे चारचौघांसारखे टेन्शनमध्ये बसलेत. त्या वर्षी सॉक्स ८८ वर्षांनी जिंकले. आता इतकी वर्षं हरणाऱ्या टीमला धरून राहणारे लोक, आजोबांनी वाट बघितली, बापाने बघितली, मग पोराने बघितलं, त्यांना श्रद्धा म्हणजे काय हे कोणी शिकवायला पाहिजे असं मला तरी वाटत नाही.

२०२५ च्या वर्ल्ड सिरीजची शेवटची मॅच आपल्याकडे २ नोव्हेंबरला पहाटे साडेपाचला सुरू झाली. रविवार, त्यात मृतांचा दिवस. मी मिस्सेला गेलो, सिमित्रीत आमच्या माणसांच्या कबरींवर मेणबत्त्या लावल्या आणि घरी आलो तरी मॅच चालूच, कारण या खेळात टाइम संपला म्हणून मॅच संपत नाही, शेवटचा आउट होईपर्यंत सगळं उघडं असतं. नवव्या, म्हणजे एरवी शेवटच्या, इनिंगमध्ये टोरंटो ४-३ ने पुढे, जिंकायला फक्त दोन आउट बाकी, आणि समोरच्या डॉजर्स टीमच्या मिगेल रोहासने, ज्याच्याकडून होमरनची (आपल्या सिक्सरसारखा फटका) कोणाला फार अपेक्षा नसते, त्यानेच होमरन मारून बरोबरी केली. मग डॉजर्सचा जपानी पिचर (बॉल टाकणारा) यामामोतो आला, आदल्याच दिवशी ९६ बॉल टाकून हात दमलेला, तरी आला आणि अकराव्या इनिंगपर्यंत त्यानेच संपवलं. (आमचा वसईचा संत गोन्सालो गार्सिया १५९७ ला नागासाकीत क्रुसावर गेला, त्यामुळे जपानी खेळाडू असला की मला उगाच जवळचा वाटतो.)

त्याच अकराव्या इनिंगमध्ये टोरंटोच्या कायनर-फलेफाने बॉल मुद्दाम हळूच पुढे ठेवला, स्वतः आउट झाला आणि आपल्याच टीमच्या गुरेरोला तिसऱ्या बेसवर नेलं. पुढे डबल प्ले (एकाच बॉलवर दोन आउट) झाला आणि मॅच गेलीच. पण दुसऱ्यासाठी असा स्वतःहून दिलेला आउट बॅटरच्या ॲव्हरेजमध्ये धरत नाहीत, हा नियमच आहे. आणि बोर्डावर रन, हिट यांच्या शेजारी एररचाही आकडा लागतो, चूक हजारो लोकांसमोर लिहिली जाते, आणि ज्याने केली तो तिथेच ग्लोव्ह घालून उभा राहतो, पुढचा बॉल पण त्याच्याकडेच येऊ शकतो. पापनिवेदनाला जाणाऱ्याला यात नवीन काही नाही. संत पौलाने सुद्धा शर्यतीची आणि धावण्याची उदाहरणं दिलीत, म्हणजे खेळाची लाज त्यालाही नव्हती.

आता गाण्यांचं. बेसबॉलच्या स्टेडियममध्ये ऑर्गन असतो, देवळात असतो तसा, १९४१ ला शिकागोच्याच रिगली फील्डवर तो पहिल्यांदा वाजला. सॉक्सच्या मैदानावर नॅन्सी फाउस्ट या बाई १९७० पासून २०१० पर्यंत ऑर्गन वाजवायच्या आणि त्यावर चक्क पॉप गाणी वाजवायच्या, अख्खं स्टेडियम त्यांच्याबरोबर गायचं. आमच्याकडे मात्र कॉयरमध्ये कोणी गिटार आणलं की कुजबुज सुरू. अरे, संत ऑगस्टीनला पण हीच काळजी होती, शब्दांपेक्षा सुरानेच मन जास्त हललं तर ते पाप वाटायचं त्याला, तसं त्याने लिहून ठेवलंय, पण तरी देवळात गाणं राहू दे असंच शेवटी म्हणाला कारण स्वतः मिलानमध्ये ती गाणी ऐकून रडला होता. आणि फादर स्टीफन्सनी १६१६ ला ख्रिस्तपुराण छापलं ते ओवीत, म्हणजे इथल्या लोकांच्या तोंडात जी चाल होती तिच्यात. मग आजच्या पोरांच्या तोंडातली चाल का नको? उद्या कोणी सायलीसारखं नाजूक गाणं रचेल, कोणी ड्रम बडवेल, सगळंच चांगलं असेल असं नाही, पण ऐकायच्या आधीच गप्प करू नका.

टुर्नामेंट भरवणाऱ्यांनाही एक विनंती आहे. रविवारची पहिली मॅच सकाळी सातला लावू नका, साडेनऊला लावा, पोरांना मिस्सा की मॅच असं निवडायला लावणं बरोबर नाही, आणि ऊन लागतं म्हणत असाल तर शनिवारी संध्याकाळी घ्या, टर्फवर लाइट आहेतच. फादरांनाही सांगणं, महिन्यातली एक मिस्सा तरुणांच्या बँडला द्या, त्यांची प्रॅक्टिस ऐकायला स्वतः जा. आणि संपादक साहेब, २०२८ च्या लॉस एंजेलिस ऑलिम्पिकमध्ये क्रिकेट आणि बेसबॉल दोन्ही आहे, तोपर्यंत आपल्या क्रीडा पानावर बेसबॉलचे नियम सोप्या मराठीत कोणीतरी लिहावेत, लेखक मिळाला नाही तर मी लिहून देतो.

आपला,
एक वाचक, निर्मळ, वसई